टॅबचा अंगरखा

वस्तूला कपडे असावेत, असं खोळकाकांचं मत होतं. माणसालाही असावेत, पण माणसाचं एक बरं असतं. थंडी वाजली तर तो कुरकुरतो, खरचटलं तर दवाखान्यात जातो. मिक्सरने बिचाऱ्याने जायचं कुठे? म्हणून गल्लीच्या टोकाला, चावीवाला आणि सायकलवाला यांच्या मधल्या चिंचोळ्या खोलीत बसून खोळकाका आयुष्यभर मुक्या वस्तूंची अब्रू झाकत आले होते. मिक्सर, वॉशिंग मशीन, सोफे, गाद्या, गाड्यांच्या सीटा, गिटारी, एकदा तर एका दंतवैद्याची खुर्ची. ज्याचं माप घेता येतं त्याची खोळ शिवता येते, असं ते म्हणत. त्यांना खरं नावही होतं, पण त्याच्यावर लोकांनी अशी काही खोळ चढवली होती की ते आता कुणाला दिसत नव्हतं.

उमेदवारीच्या काळात ते बसच्या सीटा शिवणाऱ्या कारखान्यात होते. तिथे त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सीट कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा चकचकीत असते. तिची वाट लागते ती केवळ माणसं तिच्यावर बसतात म्हणून. एवढं ज्ञान झाल्यावर एखादा संन्यासी झाला असता. खोळकाकांनी शिलाई मशीन घेतलं.

त्यांच्या घरात पाऊल टाकलं की हे कुटुंब आत्ताच लांबच्या प्रवासाला निघालंय की काय, असं वाटायचं. सगळं झाकलेलं, बांधलेलं, नाड्या आवळलेलं. सोफ्याचा मूळ रंग कोणता यावर नवराबायकोचं एकमत नव्हतं. काकू म्हणायच्या मोरपंखी, काका म्हणायचे राखाडी. खोळ काढून बघणं हा एक उपाय होता, पण तो कुणाला सुचल्याचं ऐकिवात नाही. रिमोटला जाड प्लॅस्टिक होतं. त्यातून बटणं अंदाजाने दाबावी लागत, त्यामुळे बातम्या लावायला जावं आणि कुस्ती लागावी. काकूंच्या चष्म्याला डबी होती, डबीला पिशवी होती आणि पिशवीला नाडी होती. नाडीची गाठ सोडायला चष्मा लागायचा. पाहुणे यायचे असले की इतर घरांतून खोळी काढतात. खोळकाका त्या दिवशी ठेवणीतल्या चढवत.

"तुमच्या पोराबाळांना बरं उघडं ठेवलंत," काकू कधी कधी म्हणायच्या.

"एकच तर मुलगी. आणि तिलाही स्वेटर घालून झोपवायचो, आठवतं ना?"

"आठवतं. घामोळ्यांनी रात्रभर रडायची."

ही मुलगी लग्न होऊन विमानाने जावं लागतं अशा लांबच्या शहरात गेली होती. तिला चार वर्षांची ठकू. आजोबांनी ठकूला प्रत्यक्ष पाहिलं होतं ते ती पाळण्यात असताना. त्यानंतर सगळी भेटगाठ काकांच्या जुन्या फोनवर. त्यात ती वाटाण्याएवढी दिसायची, आणि फोनच्या काचेवर काकांनी चिकटवलेल्या कागदामुळे तो वाटाणाही धुक्यात असायचा. शेवटी मुलीने आणि जावयाने मिळून एक नवाकोरा टॅब पाठवला. वर फोन करून बजावलं, "बाबा, याला काही करू नका. चार्ज करायचा आणि टेबलावर ठेवायचा. बाकी काही करायचं नाही."

"काही करत नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी गळ्यातली मापाची टेप काढली.

तो अंगरखा शिवायला त्यांनी दुकान बंद ठेवलं. एका बाईंची सोफ्याची ऑर्डर पुढे ढकलली. बाहेरून काळं रेक्झिन, आतून मऊ फ्लॅनेल, आणि दोन्हींच्या मध्ये फोम. पाठीला फोमचे दोन थर, कारण पडणारी वस्तू नेहमी पाठीवर पडते असा त्यांचा अनुभव होता. कडेला पायपिनचा फुगीर गोट, कोपऱ्यांना कातडी ठिगळं, मागच्या बाजूला वेल्क्रोचं झाकण, आणि चार्जिंगच्या वायरीला एवढीशी फट, म्हणजे वायर लावतानाही कपडे उतरवायला नकोत. कॅमेऱ्यापुढे भोक ठेवून त्याला त्यांनी गोल पितळी कडी ठोकली. तयार झाल्यावर टॅब उचलायला दोन हात लागू लागले. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती खोळकाकांनी शिवला होता.

"याला घातलंय तेवढं मला थंडीतही नाही घालायला," काकू म्हणाल्या.

"तुला काय झालंय? तू दणकट आहेस."

पहिल्या संध्याकाळी ठकू पडदाभर दिसली. तिचा किडका दात दिसला, गालावरचा शाईचा डाग दिसला. काका इतके खूश झाले की काही वेळ नुसतेच "अगं! अगं!" करत बसले. ठकूने लगेच कारभार हाती घेतला. ती गिऱ्हाईक झाली, आजोबांना शिंपी केलं.

"आजोबा, माझ्या हत्तीला खोळ पाहिजे."

"माप आणलंस का?"

"हत्तीच आणलाय. हा बघ. सोंडेला वेगळी पाहिजे. आणि शेपटीला बटण पाहिजे, आणि..."

आणि पडदा काळा झाला. त्यावर दोन ओळी उमटल्या: उपकरण फार गरम झाले आहे. कृपया थंड होऊ द्या.

"कोण गरम झालंय?" काका भडकले. "मी एक शब्द तरी वाकडा बोललो का?"

दुसऱ्या दिवशी जिराफाच्या मानेचं माप चालू असताना तेच झालं. तिसऱ्या दिवशी सशाच्या कानांपाशी. रोज असं. गप्पा रंगात याव्यात, आणि टॅबने डोळे मिटावेत. मुलीचा मग फोन यायचा, "बाबा, काय झालं? ठकू रडतेय. म्हणते आजोबा पळाले."

"पळाले? मी? मला गुडघ्याचा त्रास आहे म्हणावं."

"मी सांगितलं. ती म्हणते, मग गुडघे दुखतायत तरी पळतात."

हे मात्र काकांना लागलं. उभ्या आयुष्यात त्यांनी गिऱ्हाइकाला चुकवलं नव्हतं, आणि इथे सगळ्यांत लाडकं गिऱ्हाईक त्यांना पळपुटा म्हणत होतं. त्यांनी उपाय सुरू केले. टॅबसमोर टेबलफॅन लावला. फॅनच्या वाऱ्याने अंगरख्यावरची धूळ तेवढी उडाली. मग त्यांनी तो बोलण्याआधी फ्रिजमध्ये ठेवून पाहिला, दुधाच्या पातेल्याशेजारी, अर्थात अंगरख्यासकट, नाहीतर सर्दी व्हायची. बाहेर काढला तर आतून जसाच्या तसा. काम एवढं चोख होतं की आतली ऊब बाहेर जात नव्हती आणि बाहेरचा गारवा आत शिरत नव्हता. काकांनी याचा योग्य तो अर्थ काढला, म्हणजे खोळ उत्तम आहे आणि टॅब खराब आहे.

टॅब खराब म्हटल्यावर दुरुस्तीवालीकडे जाणं आलं. बाजारात एका जिन्याखाली तिचं दुकान होतं. डोळ्याला भिंग, हातात तापलेली सळई, समोर उघड्या पोटाचे फोन. या उघड्यावाघड्या जागेत पाय ठेवतानाच काकांच्या अंगावर काटा आला. आपला अंगरखा इथे आणून मळवायचा? छे. निघतानाच त्यांनी तो उतरवून कपाटात घडी घालून ठेवला होता आणि टॅब एका मलमलीच्या पिशवीतून आणला होता.

"सारखा तापतो," ते म्हणाले.

दुरुस्तीवालीने टॅब चालू केला, त्यावर एक सिनेमा लावला आणि तो टेबलावर टेकवून आपल्या कामाला लागली. काका स्टुलावर बसून राहिले. सिनेमातल्या नायकाचं लग्न झालं, भांडण झालं, समेट झाला. टॅब गार.

"काका, ठणठणीत आहे. घेऊन जा."

काका घरी आले, टॅबला कपडे घातले, आणि संध्याकाळी ठकूच्या कासवापाशी टॅबने मान टाकली.

दुसऱ्या खेपेला दुरुस्तीवालीने आतलं काही तपासलं, काही पुसलं. तिथे टॅब गार. घरी गरम. तिसऱ्या खेपेला तिने भिंग वर सरकवलं आणि काकांकडे नीट पाहिलं.

"काका, तुम्ही घरी याला करता काय?"

"काही नाही. जपतो."

"कसं जपता?"

"जपायचं तसंच जपतो. आता जपायचं कसं हे पण तुम्ही शिकवणार का?"

"उद्या घरी असतो तसाच्या तसा घेऊन या. जेवत असेल तर ताटासकट, झोपत असेल तर गादीसकट."

दुसऱ्या दिवशी काकांनी अंगरख्यावर वर्तमानपत्र गुंडाळून टॅब नेला. तिने कागद सोडला आणि तिचा हात थबकला. तिने पायपिनवरून बोट फिरवलं. कोपऱ्याची ठिगळं पाहिली. कडी पाहिली. काका स्टुलावर थोडे ताठ झाले.

"कुणी शिवलं?"

"आम्हीच."

"काम एक नंबर आहे काका. असं काम मी पाहिलेलं नाही." काका आणखी ताठ झाले. "पण या यंत्राला पाठीतून श्वास घ्यावा लागतो. तुम्ही त्याच्या पाठीवर गादी शिवलीये. काढून टाका, नाहीतर महिन्याभरात मरेल."

ताठ झालेले काका तसेच उभे राहिले. "ताई," ते म्हणाले, "माझ्या खोळीने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही." आणि टॅब बगलेत मारून जिन्याखालून बाहेर पडले. पडताना डोकं जिन्याला आपटलं. तेवढं एक उघडंच होतं.

रस्ताभर ते मनातल्या मनात भांडत होते. काल शिकून आज भिंग लावलं, आणि आम्हाला सांगणार! घामाघूम होऊन ते चौकात आले, तेव्हा उगाचच त्यांना तो स्पीकरवाला आठवला. त्याच्या अॅम्प्लिफायरला काकांनी अशीच देखणी खोळ शिवली होती, आणि एका कार्यक्रमात त्यातून धूर निघाला होता. त्या वेळी काकांनी अॅम्प्लिफायरच्या कंपनीला दणदणीत शिव्या दिल्या होत्या. चांगल्या, मन लावून दिलेल्या शिव्या होत्या. आता त्या परत घ्यायच्या तर कुणाकडून, असा प्रश्न पडल्यामुळे काकांनी तो विषय मनातून काढून टाकला.

घरी येऊन त्यांनी एकच केलं. वेल्क्रोचं झाकण पक्कं शिवून टाकलं. कुणी आपल्या माघारी ते उघडायला नको. कुणी म्हणजे कोण, हे त्यांनी काकूंकडे बघून सांगितलं नाही, पण बघितलं मात्र काकूंकडेच.

"मी कशाला हात लावतेय?" काकू म्हणाल्या. "तुमचा टॅब, तुमची नात. दोघं गुदमरली तरी माझं काय जातंय?"

त्याच दुपारी मुलीचा फोन आला. तिचा आवाज जरा सांभाळून बोलल्यासारखा होता.

"बाबा, ठकू आता यायलाच तयार नाही. म्हणते, अर्ध्यात पळणाऱ्याशी नाही खेळायचं. मी कशीबशी समजूत घातली. आज ती तुम्हाला नाटक करून दाखवणार आहे, सगळ्या प्राण्यांचं. तुम्ही ते शेवटपर्यंत बघायचं. नाहीतर कट्टी, म्हणते."

"अगं, पोर आहे, विसरेल."

"विसरेलच ना, बाबा. तेच तर. आज तुम्ही नाही आवडलात तर उद्या ती तुम्हाला विसरेल. मला काय, मी रोज फोन करीन. पण ती येणार नाही."

काकांनी फोन ठेवला तेव्हा काकू भाजी चिरायची थांबल्या होत्या.

संध्याकाळी टॅब टेबलावर, फॅन त्याच्यावर, आणि काका समोर, देवळात बसावं तसे. पडद्यावर ठकू आली. हसली नाही. तिने हत्ती, जिराफ, ससा, कासव असे ओळीने मांडले आणि बोट उभारलं.

"आजोबा, पळायचं नाही."

"नाही पळणार, राणी."

नाटकात हत्तीला ताप आला होता. जिराफ वैद्य होता, पण त्याला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून तो आडव्या हत्तीला सोडून सगळीकडे हात लावून बघायचा. ससा औषध आणायला गेला आणि मध्येच झोपला. नाटक चांगलं होतं, पण काकांचं अर्धं लक्ष हाताकडे होतं. टॅबच्या काचेला तळवा लावला तर ती चहाच्या कपासारखी लागत होती. कासव रंगमंचावर आलं. कासवाला चालायला जो वेळ लागतो तो ठकूने पूर्ण दिला. आणि पडद्याच्या वरच्या कडेला एक पिवळं चिन्ह लुकलुकू लागलं. काकांना ते आता ओळखीचं झालं होतं.

"अगं कासवाला जरा पळव," ते म्हणाले.

"कासव पळत नसतं, आजोबा. तू पळतोस."

काकांनी मान वळवली. काकू मोठी कातर घेऊन मागे उभ्या होत्या. केव्हापासून उभ्या होत्या कुणास ठाऊक.

काकांनी कातर घेतली, टॅब उचलून पालथा धरला, आणि सवयीप्रमाणे टाक्याटाक्याने उसवायला बसले. एक टाका, दुसरा टाका, न दुखवता, रेक्झिनला चर न पडता. शिलाई पक्की होती. कुणी शिवली होती!

"आजोबा! आजोबा, कुठे गेलास?" टॅबच्या पोटातून आवाज आला. मग जरा थांबून, रडवेला, "आई, ते परत..."

तेव्हा खोळकाकांनी कातरीचं पातं रेक्झिनच्या मधोमध खुपसलं आणि आडवं ओढलं. कर्रर्र! फोमचे दोन्ही थर बाहेर आले. त्यांनी हात घालून ते उपटले, फ्लॅनेल टराटरा फाडलं, एक कोपरा अडकला तर तो दातांनी तोडला. पितळी कडी उडून सोफ्याखाली गेली.

टॅब सुलटा केला तेव्हा ठकू पडद्याला नाक लावून बघत होती. टॅब सारखा उलटासुलटा होत असताना तिला काय दिसलं होतं, तर एकदा छत, एकदा आजोबांच्या नाकपुड्या, मग कातर, मग पांढऱ्या फोमचा पाऊस, मग आजोबांच्या तोंडात काळं काहीतरी.

"आजोबा, तू काय करतोयस?"

काकांच्या तोंडात अजून कातड्याचं ठिगळ होतं. त्यांनी ते काढलं. "याचे कपडे काढतोय. याला फार उकडत होतं."

ठकू हसायला लागली ती अशी की हत्तीवर आडवी झाली. "याला उकडत होतं! आई, आजोबांनी टॅबचे कपडे खाल्ले!" मागून मुलीचा आवाज आला, तीही हसत होती. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या खाली वाकून फोमचे तुकडे गोळा करत होत्या, आणि बराच वेळ गोळा करत राहिल्या.

नाटक शेवटपर्यंत झालं. हत्ती बरा झाला. ससा झोपेतून उठला. काका सगळा वेळ टॅब दोन्ही हातांत धरून बसले होते, कारण इतकी उघडी वस्तू टेबलावर ठेवायची त्यांची छाती होईना. पाठ हळूहळू कोमट झाली, मग गार. पिवळं चिन्ह गेलं.

दुसऱ्या दिवशी ते दुरुस्तीवालीकडे गेले नाहीत. मात्र तिच्याकडे येणाऱ्या कुणाला तरी त्यांनी सांगून ठेवलं, की टॅबचा दोष आम्हीच घरच्या घरी शोधून काढला. हा निरोप तिच्यापर्यंत पोचला आणि तिने तो मान्य केला, असं म्हणतात.

संध्याकाळी टॅब वेळेवर लागला, गार, नागडा, काकूंनी कणकेच्या डब्याला टेकवून उभा केलेला. ठकू आली. तिने आजोबांकडे पाहिलं, चित्राच्या कडेला नेहमीचं काळं रेक्झिन शोधलं, आणि तिचा चेहरा पडला.

"याचे कपडे कुठेत?"

"काढले ना काल! आता हा असाच राहणार. आता मी कधी पळणार नाही बघ."

"पण आज काय फाडणार?"

"आज काही नाही. आज आपण गप्पा मारू. तुझ्या हत्तीची खोळ..."

"मला हत्तीची खोळ नको. मला फाडायचं बघायचंय." आणि ती गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली, आणि मागे मुलीचं "अगं ये ना, आजोबा वाट बघतायत" चालू राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी दुकान उघडलं, सोफावाल्या बाईंना पुन्हा उद्या यायला सांगितलं आणि उरल्यासुरल्या कापडातून टॅबच्या मापाचं काहीतरी लाल-पिवळं शिवलं. आयुष्यात पहिल्यांदा कच्च्या धाग्याने, एका दणक्यात उसवेल असं. शिवताना त्यांनी दार लोटून घेतलं होतं. चावीवाल्याने फटीतून विचारलं, "काका, काय चाललंय?" तर म्हणाले, "रद्दी."

संध्याकाळी बोलणं सुरू होता होता त्यांनी ते टॅबवर चढवलं, ठकूला हाक मारली, मोठ्याने "हुश्श, काय उकडतंय याला!" म्हणत एका ओढीत फाडलं. ठकूने टाळ्या वाजवल्या. मग हत्ती आणला, गप्पा झाल्या, जिराफाचं पोट दुखत होतं त्याची चौकशी झाली. सगळं यथासांग.

तेव्हापासून खोळकाका रोज एक खोळ शिवतात आणि रोज फाडतात. सोफावाल्या बाई दुसरीकडे गेल्या. काकू म्हणतात, "सगळं आयुष्य झाकण्यात गेलं, आता म्हातारपणी हे असलं." काका सुईत कच्चा धागा ओवतात. परवाच ठकू तक्रार करत होती.

"आजोबा, आज लगेच फाटलं. मज्जाच नाही आली. नीट शिवत जा ना."

हे ऐकून काकांचा चेहरा कसा झाला ते काकूंनी पाहिलं. गिऱ्हाइकाने त्यांच्या शिलाईला नाव ठेवलं होतं, आणि तेही बरोबर ठेवलं होतं. त्यांनी ठकूची माफी मागितली, आणि बोलणं संपताच दुकानात जाऊन जाड धाग्याचं रीळ शोधायला लागले.